तारीख पुढे गेलीच नव्हती

गरोदरपणाच्या बाराव्या आठवड्याच्या आसपास जी सोनोग्राफी होते तिला आमच्या भागात सगळेच ‘एनटी स्कॅन’ म्हणतात, आणि बाळात काही जन्मजात दोष नाही ना एवढेच पाहण्यासाठी ती असते, असा बहुतेक घरांतला समज असतो. साताऱ्यातल्या ज्या केंद्रात माझी ही तपासणी झाली, तिथल्या डॉक्टर मॅडमनी बाळाच्या मानेमागची जाडी, नाकाचे हाड, हृदयाचे ठोके हे सारे पाहून झाल्यावर “बाळाचं झालं, आता थोडं तुमचं बघू,” असे म्हणून प्रोब ओटीपोटाच्या कडेला नेला. स्क्रीनवरून बाळ नाहीसे झाले आणि त्याच्या जागी लाल-निळ्या रंगाची एक वळणदार रेघ व तिच्याखाली करवतीच्या दात्यांसारखा आलेख उमटू लागला. तो माझ्या गर्भाशयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीतला प्रवाह होता. उजवीकडच्या आणि डावीकडच्या अशा दोन्ही धमन्यांतला प्रवाह मोजून त्यांनी सरासरी काढली, दोन्ही दंडांवर बीपी मोजून घ्यायला सांगितले आणि आईला किंवा बहिणीला गरोदरपणात बीपीचा त्रास झाला होता का, अशी चौकशी केली. माझ्या वेळी आईला तो झाला होता. माझे वय पस्तीस होते आणि हे पहिलेच गरोदरपण होते. या साऱ्या गोष्टी एकत्र मांडून त्यांनी अहवालात ‘प्रीएक्लाम्पसियाचा धोका अधिक’ असा शेरा लिहिला. प्रीएक्लाम्पसिया म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून आईला आणि बाळाला धोका निर्माण करणारा आजार.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे आलेख पाहिला की त्याचे अक्ष कोणते हे विचारल्यावाचून मला राहवत नाही. मॅडमनीही न कंटाळता समजावून सांगितले. वार (प्लॅसेंटा) रुजताना तिच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतल्या नागमोडी धमन्यांत शिरतात, त्यांचे स्नायूंचे आवरण घालवतात आणि त्या अरुंद, आकुंचन पावणाऱ्या नळ्यांचे रुंद, सैल मार्ग करून टाकतात. हे नीट घडले तर आईचे हृदय दोन ठोक्यांच्या मध्ये विसावलेले असतानाही वारेकडे रक्त वाहत राहते. ते अर्धवट घडले तर प्रवाहाला अडथळा राहतो, आणि तो अडथळा आलेखात दात्यांमधल्या खोल दरीच्या रूपाने दिसतो. या अडथळ्याला एक अंक दिलेला आहे; त्याला ‘पल्सॅटिलिटी इंडेक्स’ म्हणतात आणि डॉक्टर मंडळी नुसते ‘पीआय’ म्हणतात. माझा सरासरी पीआय २.६ होता. त्या दिवसांत तो साधारण २.३५ च्या आत असावा अशी अपेक्षा असते. मला कोणताही त्रास नव्हता, बीपी जेमतेम वरच्या बाजूला होते, पायाला सूज नव्हती. जो आजार झाला तर पुढे काही महिन्यांनी व्हायचा, त्याची खूण आधीच मिळाली होती.

माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी त्याच दिवसापासून रात्री झोपताना १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू केले. ॲस्पिरिन म्हणजे हृदयविकाराची गोळी, हे घरात सर्वांना ठाऊक. तेव्हा गरोदर बाईला ती कशाला, यावर बरीच चर्चा झाली. डॉक्टरांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीचा दाखला दिला. माझ्यासारख्याच, म्हणजे बाराव्या आठवड्याच्या तपासणीत धोका अधिक दिसलेल्या १,७७६ स्त्रियांपैकी काहींना हे औषध आणि काहींना औषध नसलेली गोळी देण्यात आली होती; सदतीस आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागेल इतका प्रीएक्लाम्पसिया बिनऔषधाच्या गटात ४.३ टक्के स्त्रियांना झाला, तर ॲस्पिरिनच्या गटात १.६ टक्के स्त्रियांना. हे आकडे मला पटले. मात्र १.६ टक्के म्हणजे शून्य नव्हे, हेही मी मनाशी नोंदवून ठेवले.

प्रत्येक सोनोग्राफीपूर्वी भरून द्याव्या लागणाऱ्या ‘फॉर्म एफ’विषयी इथेच लिहिते. ओळखपत्राची प्रत, पत्ता, आधीची अपत्ये किती व कोणती, कोणत्या डॉक्टरांनी आणि कशासाठी पाठवले, आणि शेवटी ‘मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही’ या निवेदनाखाली सही. पुढे जेव्हा थोड्या थोड्या दिवसांनी डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी, होऊ लागले तेव्हा तोच मजकूर पुन्हा पुन्हा भरताना माझे पती वैतागत असत. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तो का करावा लागला हे आपल्या राज्यातल्या कोणालाही सांगायला नको. कागद भरण्याचा कंटाळा त्यापुढे मला किरकोळ वाटतो. ज्या यंत्राने माझी मुलगी वाचली, त्याच यंत्राने कितीतरी मुली जन्माआधीच वेगळ्या काढल्या गेल्या आहेत.

विसाव्या आठवड्याच्या तपासणीत बाळाचे सगळे अवयव व्यवस्थित होते, नाळेत दोन धमन्या आणि एक शीर अशी तिन्ही वाहिन्यांची नोंद होती, आणि वार वरच्या बाजूला होती. गर्भाशयाच्या धमनीतला अडथळा मात्र अपेक्षेइतका कमी झालेला नव्हता, पीआय १.७ होता आणि प्रत्येक दात्याच्या उतारावर एक छोटी खाच होती. ही खाच तोवर नाहीशी होत जायला हवी होती.

खरा गोंधळ अठ्ठाविसाव्या आठवड्यात झाला, आणि तो अहवालाच्या पहिल्याच ओळीने केला. नेहमीच्या मॅडम बाहेरगावी असल्याने ती सोनोग्राफी दुसऱ्या एका केंद्रात करून घेतली होती. डोके, पोट आणि मांडीचे हाड यांच्या मापांवरून यंत्र गर्भाचे सरासरी वय काढते आणि त्या वयावरून प्रसूतीची नवी तारीखही छापते. माझ्या अहवालात वय पंचवीस आठवडे चार दिवस आले होते, तारीख दोन आठवड्यांहून अधिक पुढे सरकली होती, आणि खाली ‘एकच जिवंत गर्भ, ठोके नियमित’ असे लिहिले होते. घरी सगळ्यांनी हा अहवाल आनंदाने वाचला. “तारीख पुढे गेली म्हणायची. दिवस मोजण्यात काहीतरी फरक झाला असेल,” असे सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या आईने डोहाळेजेवणाचा दिवस त्या हिशेबाने बदलायचाही विचार सुरू केला.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी तो कागद पाहिला आणि बाराव्या आठवड्याचा अहवाल शेजारी ठेवला. त्या म्हणाल्या, “तारीख पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून एकदाच ठरते. तेव्हा सगळी बाळं जवळजवळ सारख्याच वेगाने वाढतात, म्हणून डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून वय चार-पाच दिवसांच्या फरकाने सांगता येतं. नंतर बाळं लहान-मोठी होतात. आत्ता जर आपण बाळाच्या मापावरून तारीख बदलली, तर बाळ मागे पडलंय हेच आपल्याला कधी कळणार नाही.” म्हणजे अहवालातले प्रत्येक माप बरोबर होते आणि त्यावरून काढलेला अर्थ अगदी उलटा होता. वजनाचा अंदाज ८२० ग्रॅम होता. अठ्ठाविसाव्या आठवड्यात तो ११०० ग्रॅमच्या पुढे असायला हवा होता. सगळ्यांत मागे पडले होते ते पोटाचे माप. गर्भाला पोषण कमी पडू लागले की यकृतातला साखरेचा साठा आटतो आणि पोटाचा घेर आधी थांबतो, डोके त्यामानाने वाढत राहते. दर सोनोग्राफीला नवी तारीख छापणारे असे अहवाल मी त्यानंतर ओळखीतल्या अनेकींकडे पाहिले आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी घरच्यांनी ती तारीख खरी मानलेली होती. छापील अहवालातला तो एक रकाना काढून टाकला तर कोणाचेही काही बिघडणार नाही, असे माझे मत आहे.

तिथून आम्हाला पुण्याच्या एका गर्भवैद्यक तज्ज्ञांकडे पाठवण्यात आले. खंबाटकीचा बोगदा ओलांडून तपासणीला जायचे आणि घाट चढून घरी यायचे, हा क्रम पुढे माझ्या अंगवळणी पडला. तिथली खोली साताऱ्यातल्या खोलीसारखीच अंधारी होती, यंत्र थोडे मोठे होते, पण तपासणीची पद्धत निराळी होती. डॉक्टर सुरुवातीला बराच वेळ काहीच मोजत नसत. बाळ हलत असेल तर ते थांबेपर्यंत वाट पाहत, मला श्वास रोखायला सांगत, आणि नाळेचा मोकळा तरंगणारा भाग सापडल्यावरच आलेख घेत. एकसारखे किमान चार-पाच दाते आले नाहीत तर तो आलेख पुसून टाकत.

डॉपलर परिणाम मी वर्षानुवर्षे शिकवत आले आहे. ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ मध्ये प्राग इथे तो मांडला तो ताऱ्यांच्या रंगांसंबंधात, आणि आम्ही वर्गात शिकवतो तो रेल्वेच्या शिट्टीवरून. नाळेतल्या रक्ताचा वेग त्या तत्त्वाने डब्लिनमधील फिट्झजेराल्ड आणि ड्रम यांनी १९७७ मध्ये पहिल्यांदा मोजला. प्रोबमधून निघालेला ध्वनी वाहत्या तांबड्या पेशींवरून परततो तेव्हा त्याची वारंवारता बदललेली असते, आणि त्या बदलावरून वेग कळतो. सूत्रात कोनाचे कोसाइन येते. ध्वनीची दिशा प्रवाहाला काटकोनात असेल तर वाहिनी रक्ताने भरून वाहत असली तरी यंत्राला प्रवाह शून्य दिसतो. मी डॉक्टरांना विचारले की नाळ तर पाण्यात वाटेल तशी वळते, मग कोन कसा धरता? ते हसून म्हणाले, “मॅडम, म्हणूनच आम्ही वेग वापरत नाही, गुणोत्तर वापरतो.” सर्वाधिक वेगातून सर्वांत कमी वेग वजा करायचा आणि सरासरी वेगाने भागायचे, कोन अंशात आणि छेदात सारखाच असल्याने तो निघून जातो. पीआय हा अंक इतका उपयोगी का आहे, हे मला त्या टेबलावर पडल्यापडल्या कळले. इतक्या सोप्या बीजगणितावर एवढी मोठी शाखा उभी आहे, याचे मला आजही कौतुक वाटते.

माझ्या बाळाच्या नाळेचा पीआय पहिल्या भेटीत १.६ होता. हा अंक दिवस भरत जातात तसा उतरायला हवा, कारण वारेतल्या बारीक वाहिन्यांचे जाळे वाढत जाते आणि बाळाच्या हृदयाला रक्त ढकलणे सोपे होत जाते. इथे तो चढत होता. त्याच वेळी बाळाच्या मेंदूच्या मधल्या धमनीचा पीआय १.४ म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी होता. तिथे कमी असणे हे चांगले लक्षण नव्हते. ऑक्सिजन अपुरा पडू लागला की बाळाच्या शरीरात मेंदूच्या वाहिन्या रुंदावतात आणि हातपाय, आतडी, मूत्रपिंडे यांचा वाटा कमी होतो. मूत्रपिंडांचा वाटा कमी झाला की लघवी कमी होते, म्हणून गर्भजलही कमी होते. माझ्या सगळ्या नातेवाइकांना काळजी होती ती या ‘पाणी कमी’ असण्याची, आणि नारळपाण्याचा मारा सुरू होता. मेंदूचा अंक नाळेच्या अंकाने भागला तर उत्तर एकाहून कमी येत होते. डॉक्टरांनी याला ‘वाढ खुंटणे, पहिला टप्पा’ असे नाव दिले आणि बार्सिलोनातल्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये मांडलेली टप्प्यांची पद्धत कागदावर काढून दाखवली. पहिल्या टप्प्यात आठवड्याने तपासायचे आणि सदतिसाव्या आठवड्यापर्यंत थांबायचे. नाळेत दोन ठोक्यांमधला प्रवाह पूर्ण थांबला तर दुसरा टप्पा, आठवड्यातून दोनदा तपासणी आणि चौतिसाव्या आठवड्यापर्यंतची मर्यादा. प्रवाह उलटा वाहू लागला तर तिसरा टप्पा आणि तिसावा आठवडा. यकृताजवळच्या डक्टस व्हिनोसस नावाच्या छोट्या शिरेतही उलटा प्रवाह दिसला तर चौथा, आणि तिथे सव्विसाव्या आठवड्यानंतर थांबता येत नाही.

हा कागद मी फाईलच्या सुरुवातीला लावला. या आजारावर पोटातल्या बाळासाठी औषध नाही. वार बदलता येत नाही. तपासण्यांनी उपचार होत नव्हता, तर बाळाला आत ठेवणे आणि बाहेर काढणे यांपैकी कशात धोका कमी आहे, याचा निवाडा दर वेळी नव्याने होत होता. त्यामुळे एका दिवसाच्या अहवालाला फारसा अर्थ नसे. आज काय आले यापेक्षा मागच्या वेळेपेक्षा काय बदलले, हेच डॉक्टर आधी पाहत, आणि म्हणूनच मोजमाप शक्यतो त्याच हातांनी, त्याच यंत्रावर व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. वजनाच्या अंदाजात दहा-पंधरा टक्क्यांची चूक सहज होते. आठवड्याने वजन करून बाळ वाढले की नाही हे सांगता येत नाही, दोन आठवडे तरी जावे लागतात. मला दर भेटीत वजन विचारण्याची घाई असे आणि ते दर भेटीत मिळत नसे.

सासूबाईंना वेगळीच धास्ती होती. इतक्या वेळा मशीन लावले तर बाळाला ते बाधणार नाही का, असे त्यांनी एकदा डॉक्टरांनाच विचारले. त्यांनी प्रश्न झटकला नाही. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ध्वनी असतो. मात्र डॉपलरमध्ये ध्वनीची ऊर्जा एकाच जागी अधिक पडते आणि ऊती किंचित तापू शकतात. त्यासाठी स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘टीआय’ हा अंक सतत दिसत असतो. तो कमी ठेवायचा, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, आणि आलेख मिळाला की लगेच प्रोब उचलायचा. “आजी, उगाच गंमत म्हणून मी कधी बघत नाही, पण कारण असताना न बघणं जास्त महागात पडेल,” असे त्यांनी सांगितले. सासूबाईंचे समाधान झाले. त्यानंतर घरात इतरांनी तीच शंका काढली की उत्तर त्याच देत.

तिसाव्या आठवड्याच्या आसपास नाळेच्या आलेखातल्या दात्यांमधली जागा तळाला टेकली. दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त क्षणभर जागीच थांबत होते. त्याच आठवड्यात माझे बीपी १५० च्या वर गेले आणि लघवीत प्रथिने आली. बाराव्या आठवड्यातला शेरा खरा ठरला होता. मला पुण्यातच दाखल करून घेण्यात आले. बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने बारा-बारा तासांनी देण्यात आली, आणि दुसऱ्या दिवशीच्या डॉपलरमध्ये थांबलेला प्रवाह पुन्हा किंचित दिसू लागला. मी आणि माझे पती दोघेही हरखून गेलो. डॉक्टरांनी मात्र आधीच सांगून ठेवले होते की स्टेरॉइडनंतर नाळेतला प्रवाह काही दिवस सुधारल्यासारखा दिसतो, वार त्याने सुधारत नाही, आणि या दिवसांत घेतलेल्या निर्णयात तो आलेख गृहीत धरायचा नसतो. पुढे तसेच झाले. एकतिसाव्या आठवड्यात प्रवाह उलटला, म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त वारेकडून बाळाकडे परत ढकलले जाऊ लागले. डक्टस व्हिनोसस अजून ठीक होती. बीपी दोन औषधांनाही जुमानत नव्हते. मॅग्नेशियम सल्फेट सुरू झाले, ते मला झटके येऊ नयेत आणि बाळाच्या मेंदूला संरक्षण मिळावे या दोन्ही कारणांसाठी. आणि त्याच संध्याकाळी सिझेरियन झाले. मुलगी १,०२० ग्रॅमची होती. शेवटचा अंदाज ११०० ग्रॅमचा होता.

मला वाटले होते की सोनोग्राफी तिथे संपली. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी तेच यंत्र चाकांवरून एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात), तिच्या पेटीपाशी आले. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत खोलवर असलेल्या वाहिन्या फार नाजूक असतात आणि पहिल्या काही दिवसांत तिथे रक्तस्राव होण्याचा धोका असतो. टाळू भरलेली नसल्यामुळे तिथे हाडाचा अडथळा नसतो, म्हणून टाळूवर बोटाएवढा प्रोब ठेवून मेंदू थेट पाहता येतो. तिच्या उजव्या बाजूला पहिल्या श्रेणीचा, म्हणजे चारपैकी सर्वांत सौम्य, रक्तस्राव दिसला आणि पुढच्या तपासण्यांत तो विरत गेला.

माझा डावा पाय साधारण त्याच सुमारास जड झाला. सिझेरियननंतर थोडी सूज सगळ्यांनाच येते, त्यातून बीपीमुळे माझ्या दोन्ही पायांवर ती होतीच. पण डावी पोटरी उजवीपेक्षा स्पष्टपणे जाड दिसत होती आणि मांडीच्या आतल्या बाजूला दुखत होते. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असावी, या शंकेने वॉर्डमधल्या तरुण डॉक्टरांनी ‘डी-डायमर’ ही रक्ततपासणी सुचवली. त्यांच्या वरिष्ठ म्हणाल्या की गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ती तशीही वाढलेलीच येते, तिच्यावर वेळ घालवू नका, सरळ पायाचे डॉपलर करा. ही तपासणी इतकी साधी आहे की मला तिचे नवल वाटले. प्रोबने शीर दाबायची. निरोगी शीर दाबली की पूर्ण मिटते आणि शेजारची धमनी तेवढी उघडी राहते. गुठळी असेल तर शीर मिटत नाही. जांघेपासून सुरू करून गुडघ्यामागपर्यंत थोड्या थोड्या अंतरावर डॉक्टर दाबत गेले. उजव्या पायात प्रत्येक ठिकाणी काळा गोल मिटत होता, डाव्या मांडीत तो तसाच राहिला. गरोदरपणातल्या गुठळ्या बहुतेक वेळा डाव्याच पायात का होतात, हेही त्यांनी सांगितले: उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेवरून आडवी जाते, आणि वाढलेल्या गर्भाशयाने आधीच दबलेली ती शीर तिथे आणखी चिमटली जाते.

त्याच रात्री नाडी वेगाने चालू लागली आणि खोल श्वास घेताना छातीत कळ येऊ लागली, तेव्हा गुठळी फुप्फुसात गेली आहे का हे पाहण्यासाठी सीटी ॲन्जिओग्राफी करायचे ठरले. बाळ पोटात असते तर किरणोत्साराचा विचार करावा लागला असता, पण तेव्हाही ही तपासणी टाळली जात नाही, कारण गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा फार अल्प असते आणि निदान चुकले तर आई दगावू शकते. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिॲटिनिन पाहून हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव सोडण्यात आले. अंगभर एक ऊब पसरली आणि काही सेकंदांत तपासणी झालीसुद्धा. फुप्फुसाच्या धमन्या मोकळ्या होत्या. प्रश्न उभा राहिला तो दुधाचा. मुलीला नळीतून माझेच दूध जात होते आणि चोवीस तासांचे दूध काढून फेकून द्या, असे मला वॉर्डमध्ये सांगण्यात आले. कसेबसे पाच-दहा मिलिलिटर निघत असताना ते फेकायचे, ही कल्पनाच मला सहन होईना. रेडिओलॉजिस्टना फोन केला तेव्हा त्यांनी स्पष्ट नकार दिला: त्या द्रवाचा एक टक्क्याहूनही कमी भाग दुधात उतरतो, आणि त्यातलाही एक टक्क्याहून कमी बाळाच्या आतड्यातून शोषला जातो. दूध पाजायला काहीच हरकत नव्हती. ही सूचना त्यांनी केसपेपरवर लिहून दिली, म्हणजे कर्मचाऱ्यांची पाळी बदलली की पुन्हा तोच वाद नको.

गुठळी वाढू नये म्हणून हेपॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची इंजेक्शने पोटावर स्वतः टोचून घ्यायला मी शिकले. मुलगी पेटीत होती तोवर आणखी एक तपासणी झाली, तिच्याविषयी मी तोपर्यंत ऐकलेही नव्हते. लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांतल्या पडद्याच्या कडेपर्यंत रक्तवाहिन्या पोहोचलेल्या नसतात; बाहेर आल्यावर त्या भलत्याच दिशेने वाढल्या तर दृष्टी जाऊ शकते. २,००० ग्रॅमहून कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांआधीच्या सगळ्या बाळांचे डोळे महिन्याच्या आत तपासले जावेत, असा आपल्याकडचा दंडक आहे, आणि १,२०० ग्रॅमच्या आतल्यांचे दोन-तीन आठवड्यांतच. कॅमेऱ्याने पडद्याची छायाचित्रे घेतात. बाळ त्या वेळी जिवाच्या आकांताने रडते आणि आईला बाहेर थांबवतात, ते बरेच करतात. घरी सोडल्यानंतरही वाहिन्या कडेला टेकेपर्यंत ही तपासणी चालू राहिली. अनेक कुटुंबांत बाळ घरी आले, दूध पिऊ लागले की या तारखा चुकतात, असे नेत्रतज्ज्ञ म्हणाले.

हेपॅरिन तीन महिन्यांनी थांबवण्यापूर्वी पायाचे डॉपलर पुन्हा करण्यात आले. सूज केव्हाच उतरली होती, त्यामुळे मला ही तपासणी अनावश्यक वाटत होती. डॉक्टरांनी पुन्हा तीच शीर दाबत नेली. ती बरीचशी मिटत होती, पण मांडीच्या वरच्या भागात तिची भिंत जाड राहिली होती आणि दोन ठिकाणी ती पूर्ण मिटत नव्हती. ही जुन्या गुठळीची खूण कदाचित कायमची राहील, असे ते म्हणाले. पुढे कधी डावा पाय सुजला, तर नव्या डॉक्टरांना न मिटणारी शीर दिसेल आणि ती जुनी की नवी हे आजच्या मापांशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांना ठरवता येणार नाही. म्हणून त्यांनी कोणत्या जागी किती मिलिमीटर, हे आकृती काढून अहवालात लिहिले. त्याखाली स्त्रीरोगतज्ज्ञांनी दोन ओळी जोडल्या: पुढच्या वेळी दिवस गेल्याचे कळताच हेपॅरिनसाठी भेटणे, आणि बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिन. या कागदाच्या तीन प्रती काढल्या. एक साताऱ्याच्या फाईलमध्ये आहे, एक माहेरी आईकडे, आणि एकीचे छायाचित्र माझ्या पतींच्या फोनमध्ये.